खण वीतभर कमी पडला

वन्संनी खण हातात ठेवला तेव्हा मी म्हटलंसुद्धा, "अहो वन्सं, आम्ही तुळजापूरला नाही चाललो, बालीला चाललोय." त्यावर त्या म्हणाल्या, "मग काय झालं? टीव्हीवर दाखवतात की, तिथे सगळी आपलीच देवळं आहेत. एखादी देवी बघ, ओटी भर आणि ये."

हिरवा गुळेदगुड्डी खण, लाल काठ. त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड, खोबऱ्याची वाटी, सगळं नीट गुंडाळलेलं. ह्यांनी रात्री बॅग उघडून खण सोडून बाकी सगळं बाहेर काढलं. धान्य, बियाणं नेलं तर तिथल्या विमानतळावर अडवतात, हे ह्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मी नारळाचं नाव काढलं तर म्हणाले, "नारळाच्या देशात सांगलीहून नारळ नेणारी तू पहिलीच." शेवटी खण आणि कुंकवाची डबी एवढंच बरोबर आलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती पुढे येणारच आहे. आमच्या लग्नाला 29 वर्षं झाली आणि आम्हाला मूल नाही. वन्सं तेव्हापासून कुठल्या ना कुठल्या देवीकडे माझ्यासाठी मागणं पाठवत आल्यात. आता मी 54 वर्षांची. मागणं कशाचं होतं हे त्या स्वतःही विसरल्या असतील, पण सवय काही मोडत नाही. आणि खण नको म्हणायची हिंमत मला कधी झाली नाही.

15 एप्रिल 2025 च्या रात्री देनपासारला उतरलो. व्हिसा तिथेच मिळतो, माणशी पाच लाख रुपिया. शिवाय बाली बेटाचा स्वतःचा पर्यटन कर, माणशी दीड लाख. तो घरूनच भरला होता. म्हणजे बेटावर पाऊल टाकेपर्यंत तेरा लाख गेले. ह्यांनी उभा जन्म जिल्हा बँकेत दुसऱ्यांच्या पैशांची शून्यं मोजली, पण इथे पहिल्या दिवशी पाण्याच्या बाटलीचे पैसे देताना हात थरथरला. मग त्यांनीच सूत्र काढलं. शेवटची तीन शून्यं पुसायची आणि पाचाने गुणायचं. एक लाख म्हणजे साधारण पाचशे. हे जमलं की जीव भांड्यात पडतो, पण तोवर चहासुद्धा घशाखाली उतरत नाही.

दहा दिवसांसाठी एकच गाडी आणि एकच ड्रायव्हर ठरवला होता. साधारण चाळिशीचा, डोक्याला कपड्याची गाठ मारलेला. बालीत नावं जन्माच्या क्रमाने ठेवतात. पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा कतुत, आणि पाचवा झाला की पुन्हा वायान. हा घरातला तिसरा. पण आपल्यापेक्षा लहान असला तरी ड्रायव्हरला आदराने 'ब्ली' म्हणतात, म्हणजे दादा. आम्हीही तेच म्हणू लागलो.

ब्लीने पहिल्याच सकाळी माझ्याकडे बोट करून ह्यांना विचारलं, "इस्त्री?" हे म्हणाले, "नको नको, हॉटेलात आहे सोय." तो गोंधळला, हेही गोंधळले. तिकडे इस्त्री म्हणजे बायको आणि सुआमी म्हणजे नवरा. शब्द आपलेच, पण इथे आल्यावर अंगाला वेगळा वास लागलेला. पुढचे दहा दिवस असंच चाललं. सगळं ओळखीचं, आणि ओळख पटली म्हणेपर्यंत हातातून निसटणारं.

त्याचा दुसरा प्रश्न अर्थातच मुलांचा. मी इंटरनेटवर चार शब्द पाठ केले होते, त्यातला 'नाही' वापरला. "तिदाक." ब्लीने गाडी चालवता चालवता मान हलवली. "तिदाक नाही म्हणायचं. बेलुम म्हणायचं." बेलुम म्हणजे अजून नाही. लग्न झालं का, मुलं आहेत का, अशा प्रश्नांना तिथे सरळ नाही म्हणत नाहीत. माणूस कितीही वयाचा असो, उत्तर बेलुमच. मी म्हटलं, अरे बाबा, मी 54 ची आहे. तो शांतपणे म्हणाला, "हो. बेलुम." मागच्या सीटवर हे इतके हसले की ब्लीने आरशातून बघितलं.

पहिलं देऊळ उलुवातूचं. समुद्रावर सरळ तुटलेला कडा आणि त्याच्या टोकावर देऊळ. देवळात शिरताना सगळ्यांना कमरेला पट्टा बांधावा लागतो, आणि पाय उघडे असतील तर सारोंगही, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळायचं कापड. मी साडी नेसले होते. दारावरच्या बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पदराला हात लावून कापड चाचपलं आणि निऱ्यांच्या वर पिवळा पट्टा बांधून दिला. साडीला सारोंगाचा दर्जा मिळाला. पाटीवर लिहिलं होतं, मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी आत येऊ नये. आमच्याकडे पाटी नसते, सासू असते.

तिथली माकडं चष्मे पळवतात असं ब्लीने तीनदा बजावलं होतं. तिसऱ्यांदा बजावत असतानाच ह्यांचा गेला. तिथला एक माणूस शेंगदाण्याची पुडी देऊन तो परत आणायला गेला, पण माकडाने तोवर एक काडी चावून टाकली होती. त्यामुळे संध्याकाळचा केचाक नाच ह्यांनी एका डोळ्यावर काच धरून पाहिला. पन्नासेक पुरुष उघड्या अंगाने गोल बसून 'चक चक चक' करत राहतात. एकही वाद्य नाही, आणि त्या आवाजातून रामायण उभं राहतं. मला वाटलं होतं हे फार प्राचीन असणार. पण अंगात येण्याच्या जुन्या विधीतला हा कोरस घेऊन 1930 च्या दशकात आजचं रूप बसवलं, तेही एका जर्मन चित्रकाराच्या सहभागाने. ह्यांना मात्र हनुमान कुठला आणि बसलेला प्रेक्षक कुठला, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

खणाचा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहिला. डोंगरातल्या बेदुगुलला ब्रातान तळ्यात उलुन दानूचं देऊळ आहे, तळ्याची देवी देवी दानू हिचं. 1633 चं. अकरा मजली छप्पर, काळ्या तंतूंनी शाकारलेलं, एकावर एक लहान होत गेलेलं. त्याला मेरूच म्हणतात. हे बहुतेक नोटेवर असेल म्हणून ह्यांनी पाकीट काढलं, तर ब्ली म्हणाला, जुन्या पन्नास हजारांच्या नोटेवर होतं, आता नाही. तळ्यावर धुकं उतरलेलं. मी पर्समध्ये हात घालून खण चाचपला. देवी आहे, पाणी आहे, आता ओटी भरायची. पण कुठे? मेरू पाण्यात, तिथे जायला वाट नाही. आणि आत मूर्ती आहे का, असं विचारलं तर ब्ली म्हणाला, "नाही."

मला ते पचायला वेळ लागला. आपल्याकडे देऊळ म्हणजे आत कोणीतरी बसलेलं असतं. दगड का असेना, शेंदूर फासलेला, डोळे लावलेला. इथे बाहेरची दोन अंगणं ओलांडून आतल्या अंगणात जावं तर कमळाच्या दगडी बैठकीवर उंच आसन, पद्मासन म्हणतात त्याला, आणि आसनावर कोणी नाही. ब्लीने समजावलं तसं मला कळलं ते असं, की देव इथे राहत नाहीत. सणाला, देवळाच्या वाढदिवसाला त्यांना बोलावतात, ते उतरतात, आसनावर बसतात, पाहुणचार घेतात आणि परत जातात. एरवी जागा रिकामी. म्हणूनच पर्यटक हिंडू शकतात, तो म्हणाला.

"सर्किट हाउससारखं," हे म्हणाले. "मंत्री आले की उघडायचं."

मी डोळे वटारले खरे, पण त्यानंतर प्रत्येक देवळात मला तेच आठवायला लागलं.

उत्तरेकडे सिंगराजाला दोन रात्री काढल्या. पूर्वी डच लोकांची राजधानी होती, आता निवांत बंदर. इकडे पर्यटक कमी, त्यामुळे आम्हाला फार आवडलं. एका संध्याकाळी सहा वाजता कुठूनतरी भोंगा सुरू झाला आणि 'ओम् भूर्भुवः स्वः' ऐकू आलं. मी चहा ठेवून उठलेच. दिवसातून तीनदा, सहा, बारा, सहा, त्यांची त्रिसंध्या असते आणि तिची सुरुवात गायत्रीने होते. चाल अगदी वेगळी, संथ, लाटेसारखी. शब्द ओळखीचे असून मला सोबत म्हणता येईना.

सांगसितला देवी श्रीचं देऊळ आहे, भाताची देवी. गुलाबी वाळूच्या दगडात इतकं कोरीव काम, की बोट टेकायला मोकळी जागा नाही. श्री म्हणजे आपली लक्ष्मीच की, असं म्हणून मी पुन्हा पर्स उघडली. देवळात एक म्हातारा आणि दोन कुत्री एवढेच होते. पण ह्यांनी हात धरला. "कोणाला न विचारता काही ठेवू नको. उद्या आपल्या गणपतीपुढे कोणी न सांगता काही ठेवून गेलं तर तुला चालेल?" मला चाललं असतं खरं तर. पण खण परत पर्समध्ये गेला.

दक्षिणेकडे परतताना कुबुतांबाहानला आणखी एक देऊळ लागतं. तिथे भिंतीवर सायकल चालवणारा एक गोरा माणूस कोरलाय. 1904 मध्ये एक डच चित्रकार सायकलवरून बेट हिंडला होता, तो हा. सायकलच्या मागच्या चाकाच्या जागी शिल्पकाराने सरळ कमळ काढून दिलंय. ह्यांनी त्याचे अकरा फोटो काढले. मेरूचे दोन.

मग क्लुंगकुंग. ह्या गावाबद्दल फारसं कोणी सांगत नाही, उबुदला जाता जाता लोक अर्धा तास थांबतात. तिथे जुन्या राजवाड्यातली कर्ता गोसा नावाची न्यायसभा आहे. चारी बाजूंनी उघडा मंडप आणि छताच्या आतल्या अंगाला रांगेने चित्रं. मान वर करून बघायची. खालच्या ओळीत पंचतंत्रातल्या गोष्टींचं त्यांचं रूप, तंत्री नावाचं. वर भीम. कुंतीच्या सांगण्यावरून भीम पांडू आणि माद्रीला सोडवायला यमलोकात जातो, अशी कथा आहे. आपल्या महाभारतात मी तरी ती कधी ऐकली नाही. यमलोकात पापांच्या शिक्षा चालू असतात आणि त्या सगळ्या तपशिलात काढल्यात. खटल्याला उभ्या केलेल्या माणसाने वर बघावं आणि खरं बोलावं, हा हेतू.

तिथला एक वयस्कर गाइड काठीने एकेक चित्र दाखवत होता. चोरी करणारा, खोटं बोलणारा, असं करत करत काठी एका बाईपाशी आली. बाई झाडाखाली बसलीय आणि तिच्या छातीला एक भली मोठी अळी लागलीय. "ही मूल न झालेली बाई," तो म्हणाला. "तिला मेल्यावर अळीला दूध पाजावं लागतं."

त्याला काय माहीत. मी वरच बघत राहिले. अळी फार नीट काढली होती, एकेक वळी, एकेक केस.

हे एकदम मोठ्याने म्हणाले, "1908 मध्ये इथे नक्की काय झालं?" गाइडची काठी खाली आली. 28 एप्रिल 1908 ला डच फौज दारात आली तेव्हा इथला राजा, त्याचं कुटुंब, दरबारी, सगळे पांढरे कपडे घालून वाड्याबाहेर पडले आणि बंदुकांसमोर चालत गेले. पुपुतान म्हणतात त्याला, म्हणजे शेवट. दोन वर्षं आधी देनपासारला, बाडुंगच्या राजघराण्याने हेच केलं होतं. क्लुंगकुंगनंतर बाली पूर्णपणे डचांची झाली. ह्यांनी प्रश्नावर प्रश्न विचारले, बंदुका कुठल्या होत्या इथपर्यंत. ह्यांना इतिहासात एवढा रस मी 29 वर्षांत पाहिला नव्हता.

रात्री सिदेमनला भातखाचरांच्या कडेला आमचं राहणं होतं. अंधारात बेडूक ओरडत होते. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग हे म्हणाले, "ती अळी रेशमाची असती तर तुला चार साड्या तरी झाल्या असत्या."

मी हसले आणि मग थोडी रडलेही. ह्यांनी बाटलीतलं पाणी पुढे केलं. एवढंच.

बेसाकीबद्दल थोडक्यातच लिहिते. बालीतलं सर्वांत मोठं देऊळ, अगुंग ज्वालामुखीच्या उतारावर. 1963 च्या उद्रेकात हजाराहून जास्त माणसं गेली, पण लाव्हा देवळाच्या शेजारून निघून गेला. आम्ही गेलो त्या दिवशी ढगांमुळे अगुंग दिसलाच नाही आणि गर्दीत आम्हीही एकमेकांना फारसे दिसलो नाही. लेंपुयांगला, तो दारातून आकाश आणि पाण्यातलं प्रतिबिंब दिसणारा फोटो असतो तिथे, जायचंच नाही असं आधीच ठरलं होतं. ब्लीने फोडलं होतं की तिथे पाणी नाहीच, मोबाइलच्या खाली आरसा धरतात.

मंगळवारी तीर्थ एंपुल. इथे मला खरंच जायचं होतं.

जमिनीतून उसळणारा झरा आहे. तीर्थ हा शब्द तिथे पाण्यालाच आहे. शिलालेखाप्रमाणे इसवी सन 962 पासूनची जागा. मायादानव नावाच्या राजाने झऱ्यात विष कालवलं, तेव्हा इंद्राने जमिनीत भाला खुपसून हे नवं पाणी काढलं, अशी गोष्ट. वरच्या टेकडीवर इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी बांधलेला राष्ट्राध्यक्षांचा बंगला आहे. सुकार्नोंची आई सिंगराजाचीच. खाली दगडी कुंड आणि भिंतीतून ओळीने येणाऱ्या पाण्याच्या धारा.

इथल्या स्नानाला मलुकात म्हणतात. पाण्यात उतरायला वेगळा हिरवा सारोंग भाड्याने घ्यावा लागतो, साडी चालत नाही. आधी झापाच्या छोट्या द्रोणात फुलं, वर उदबत्ती, असं चनांग घेऊन कट्ट्यापुढे बसायचं. मग पाण्यात. पाणी बर्फगार, पायाखाली गुळगुळीत गोटे आणि पोटऱ्यांना मासे. डावीकडच्या पहिल्या धारेपासून रांग. प्रत्येक धारेपुढे हात जोडायचे, तीनदा चूळ, तीनदा तोंडावर पाणी, मग डोकं धारेखाली. पुढची धार. पुढच्या बाईचं झालं की आपण सरकायचं. बायका, पुरुष, जपानी मुली, एक म्हातारा रशियन, सगळे थडथडत एका ओळीत. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. डोकं पहिल्यांदा धारेखाली घातलं तेव्हा कानात फक्त पाणी उरलं, आणि वन्संचं काय मागणं होतं ते मला आठवेना. मी काहीच मागितलं नाही. थंडी एवढी की मागायला सुचलंही नसतं.

ह्या ओळीतल्या दोन धारा मेलेल्यांच्या विधीच्या. त्या सोडून पुढे जायचं, हे ब्लीने दोघांनाही सांगितलं होतं. हे चष्म्याविना होते. मी मागे वळून बघते तर ह्यांचं डोकं नेमकं त्या धारेखाली, हात जोडलेले, डोळे मिटलेले. काठावरून ब्ली ओरडला, पहारेकरी धावला, दोन बायकांनी तोंडावर हात घेतला. ह्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "संपलं का?"

उपाय सोपा निघाला. पुन्हा पहिल्यापासून. पासष्टीच्या माणसाने, दात वाजवत, अख्खी ओळ दुसऱ्यांदा केली. हे देव-देवस्की मानत नाहीत असं सगळीकडे सांगत असतात. पण त्या रात्री दिवा मालवल्यावर बाजूने आवाज आला, "अगं, तसं काही होत नाही ना त्याने?"

"नाही हो," मी म्हटलं. "बेलुम."

परतताना रस्ता सकाळचा राहिलाच नव्हता. प्रत्येक घरापुढे उंच बांबू उभा राहत होता, शेंडा वाकून रस्त्यावर आलेला, त्याला नारळाच्या झावळ्यांची झालर, भाताच्या लोंब्या, फळं. पेंजोर. दुसऱ्या दिवशी गालुंगान होता. धर्माने अधर्माला हरवलं तो दिवस. मायादानवाला हरवलं तो हाच, असं ब्ली म्हणाला. आणि याच दिवसांत पितरही घरी येतात. म्हणजे दसरा, पितृपंधरवडा आणि दारातली गुढी, सगळं एकात. 210 दिवसांच्या पंचांगावर येतो, म्हणून एखाद्या वर्षी दोनदाही येतो. त्यांचं दुसरं पंचांगही आहे, शक संवताचं. ब्ली म्हणाला, आमचं 1947 आत्ता मार्चअखेरीस सुरू झालं, न्येपीला. त्या दिवशी सगळं बेट बंद असतं, विमानतळसुद्धा. ह्यांनी मोबाइलवर कॅलेंडर काढून त्याच्यापुढे धरलं. आपला पाडवा 30 मार्चला, त्यांची न्येपी 29 ला. शके 1947 दोन्हीकडे. ब्लीने गाडी बाजूला घेऊन ते नीट बघितलं आणि म्हणाला, "एक दिवस उशीर केलात."

पंचांग असं घरचं निघाल्यावर त्याने अपराधी चेहऱ्याने सांगितलं, की उद्या गाडी नाही. उद्या कोणाचीच गाडी नाही. ह्यांच्या छापील वेळापत्रकात बुधवारी तीन देवळं आणि एक धबधबा होता. पण हे काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "सकाळी भाऊ न्यायला येईल. आमच्या घरी या. साडी नेसा."

ब्लीचं गाव उबुदपासून अर्ध्या तासावर. आधी गावच्या देवळात गेलो. या वेळी अंगणात पर्यटक नव्हते, पांढऱ्या कपड्यांतलं सगळं गाव होतं. बायकांच्या डोक्यावर फळांचे आणि वड्यांचे मनोरे. ज्या आसनांकडे मी आठवडाभर रिकामी म्हणून बघत होते ती आज पिवळ्या-पांढऱ्या कापडांनी गुंडाळलेली, छत्र्या धरलेली. काल-परवाचं सर्किट हाउस भरलं होतं.

आम्ही जमिनीवर बसलो. बायका गुडघ्यांवर, पुरुष मांडी घालून. ब्लीच्या बायकोने माझ्यापुढे उदबत्ती खोचली, फुलं ठेवली आणि खुणेने शिकवलं. पाच वेळा हात जोडायचे, कपाळाच्या वर. दुसऱ्यांदा बोटांच्या टोकांत फूल धरून सूर्याला, मग पुढच्या दोन वेळा देवांना. पण पहिली आणि शेवटची वेळ रिकाम्या हातांनी. मी चटकन फूल उचललं होतं, तिने ते हळूच काढून घेतलं. देवाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, हे आमच्याकडे पाळण्यापासून शिकवतात. मी हात जोडले. तळव्यांत काही नाही म्हटल्यावर ते एकमेकांना अगदी घट्ट लागतात, हे मला माहीत नव्हतं.

मग पुजाऱ्याने तीर्थ शिंपडलं. ओंजळीत तीनदा दिलं, प्यायलो, तोंडावर फिरवलं. शेवटी ओले तांदूळ. चिमूटभर कपाळाला, थोडे गळ्याला, दोन दाणे तोंडात. अक्षताच. ह्यांच्या कपाळाला ते चिकटेनात, शेजारच्या पोराने थुंकी न लावता, नुसतं दाबून बसवून दिले.

घरी ब्लीची आई होती. सत्तरीची, हाडकुळी, विड्याने लाल झालेले ओठ. जेवायला भात, तळलेलं सोयाबीनचं टेंपे, पालेभाजी. बाकीचं सगळं डुकराचं, ते आदल्या दिवशीच कापलेलं. आमच्यापुढे त्यातलं काही येणार नाही याची तिने काळजी घेतली होती, मिरचीच्या चटणीत सुकी कोळंबी नाही हे स्वतः चाखून दाखवलं. मग तांदळाचे जाजा आणि काळपट चिकट दोडोल. एक तुकडा तोंडात टाकला आणि मी ह्यांच्याकडे बघितलं. गोव्यात मावशीच्या शेजारणीकडे नाताळात खाल्लेलं दोदोल. गूळ, नारळाचा रस, तीच चव.

म्हातारीने माझा हात धरून काहीतरी विचारलं. ब्लीने भाषांतर करायच्या आधीच मला कळलं.

"बेलुम," मी म्हटलं.

तिने मान डोलावली, जणू मी दूध तापलं नाही असं सांगितलंय, आणि आणखी दोन जाजा माझ्या पानात टाकले.

तेव्हाच मी खण काढला. ओटी म्हणजे काय ते ब्लीला सांगायचा प्रयत्न केला. देवीला कापड, नारळ, तांदूळ देतात आणि तिच्याकडून परत घेतात, एवढंच सांगितलं. कशासाठी ते नाही सांगितलं. त्याने आईला काय सांगितलं कोण जाणे. ती उठली, नारळ आणि तांदूळ घेऊन आली आणि मला हाताला धरून अंगणाच्या कोपऱ्यात नेलं. तिथे त्यांच्या पितरांचं छोटं देवघर, तीन खणांचं. खण शब्दावरून मला उगाचच बरं वाटलं. मी कुंकू लावलं, तिने नारळ-तांदूळ ठेवले. मग ती खण उलगडून देवघराभोवती गुंडाळायला लागली, जसं बाकीचं पिवळं कापड गुंडाळलं होतं तसं. खण तो केवढा. वीतभर कमी पडला. तिने दोन्ही टोकं ओढून बघितली, पुन्हा ओढली. मग जिभेने 'च्च' केलं, स्वतःच्या कमरेची पट्टी सोडली, तिची एक कड दाताने धरून टरकन चिंधी फाडली आणि खणाच्या दोन टोकांमध्ये जोड म्हणून बांधली. गाठ मारून झाल्यावर खेचून पाहिली.

शुक्रवारी आम्ही निघालो. वन्संनी फोनवर विचारलं, "भरली का ओटी?" मी भरली म्हटलं. कुठल्या देवीची, ते त्यांनी विचारलं नाही.

3 मे ला ब्लीचा फोटो आला. गालुंगाननंतर दहा दिवसांनी कुनिंगान असतो, त्या दिवशी पितर परत जातात. देवघरापुढे पिवळा भात मांडलेला, उदबत्तीचा धूर, आणि मागे हिरव्या खणाचा लाल काठ. गाठ तशीच होती. ह्यांनी नव्या चष्म्यातून फोटो मोठा करून करून बघितला आणि म्हणाले, "पावसात रंग जाईल गं त्याचा."